वटहुकूम निघाल्याचं कळतं, पुढे त्याचं काय झालं ते का कळत नाही?

जुनी फाइल

माझ्या नोकरीची बरीच वर्षं कायद्यांच्या मसुद्यांच्या मराठी प्रती तपासण्यात गेली. विधेयकं, नियम, अधिसूचना आणि मधूनमधून वटहुकूम. विधेयकाची प्रत हातात आली की चार-आठ दिवस मिळायचे. वटहुकुमाची प्रत संध्याकाळी यायची आणि सकाळी छापायला जायची. त्याची सुरुवात मला अजून पाठ आहे. ज्याअर्थी, राज्य विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही, आणि ज्याअर्थी, तात्काळ कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती असल्याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे, त्याअर्थी... आणि मग खाली कायदा.

त्या दोन 'ज्याअर्थीं'वर सगळं उभं असतं. पहिला खरा की खोटा हे कॅलेंडर बघून कळतं. दुसरा कुणी तपासतच नाही. मीही फक्त शुद्धलेखन तपासायचो. निवृत्तीनंतर हे मला टोचायला लागलं, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: संविधानाच्या अनुच्छेद १२३ नुसार राष्ट्रपती आणि २१३ नुसार राज्यपाल वटहुकूम काढतात. सही त्यांची, निर्णय मंत्रिमंडळाचा. सही झाली की तो कायद्याइतकाच कायदा. सभागृह पुन्हा भरलं की तो पटलावर ठेवायचा, म्हणजे सभागृहापुढे रीतसर मांडायचा, आणि बैठक सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक मंजूर झालं नाही तर तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही असा वेगळा नियम आहे. म्हणजे एका वटहुकुमाचं आयुष्य फार तर साडेसात महिने.

हे झालं कागदावरचं. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि ते एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. उसाच्या पुरवठ्याबद्दलचा एक तर १३ वर्षं ११ महिने १९ दिवस चालला. ही मोजदाद कुठल्या विरोधी पक्षाने केली नाही, वर्तमानपत्रानेही नाही. ती केली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवा यांनी. ते बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. कायदा शोधायला गेले तर प्रत्येक वेळी हाताला वटहुकूमच लागे. तेव्हा त्यांनी जमीन बाजूला ठेवली आणि राजपत्रं चाळायला घेतली.

त्यांनी उघडकीला आणलेली एक गोष्ट माझ्यासारख्या फाइलीतल्या माणसाला फार लागली. अधिवेशन संपत आलं की संसदीय कार्य विभागातून सगळ्या खात्यांना पत्र जायचं: अधिवेशन संस्थगित होतंय, तुमच्याकडचे जे वटहुकूम चालू ठेवायचे असतील ते पुन्हा काढण्याची व्यवस्था करा. म्हणजे हा कुणाचा एकदाचा घोटाळा नव्हता, ती रीत होती. कुणीतरी ते पत्र टंकलं असणार, कुणीतरी जावक क्रमांक टाकला असणार, आणि कुणालाच त्यात वावगं दिसलं नसणार. कधीकधी तर एकाच दिवशी पन्नासेक वटहुकूम पुन्हा काढले गेले. पन्नास 'तातडीच्या परिस्थिती' एकाच दिवशी!

वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला: हे असं पुन्हा पुन्हा काढणं म्हणजे संविधानाची फसवणूक आहे. आव्हान दिलेले तीन वटहुकूम वनोपज, इंटरमीडिएट शिक्षण परिषद आणि विटांचा पुरवठा या विषयांवरचे होते. विटांच्या पुरवठ्यात कुठली आणीबाणी? शिवाय त्यांच्या नावातच 'तिसरा वटहुकूम, १९८३' असं होतं. एकाच वर्षातला तिसरा. न्यायालयाने वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी द्यायला सांगितले.

मला विचारायचं आहे ते असं. वटहुकूम निघाला की पहिल्या पानावर बातमी येते. तो पटलावर ठेवला का, त्यावर चर्चा झाली का, तो कायदा झाला की सहा आठवड्यांनी गपचूप मेला, हे तुमच्यापैकी कुणी कधी वाचलंय? कायद्याचं राज्य म्हणजे सरकारलाही कायदा लागू असणं, एवढं आपण सगळे म्हणतो. पण कायदा करणारा आणि राबवणारा एकच झाला, तर लागू कुणाला काय व्हायचं?


तिसरा बाक

काका, धागा फार वेळेवर आला. मी नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवते. मुलं विचारतात, "बाई, परवा सरकारने अध्यादेश काढला म्हणे, तो हाच का?" आणि मी बातमी उघडते तर तो असतो जीआर. टीव्हीवर तर जीआर, अधिसूचना, परिपत्रक, सगळ्यालाच अध्यादेश म्हणतात. माझाही गोंधळ होतो. कुणी नीट सांगेल का?


काळा कोट

तिसरा बाक, साध्या शब्दांत सांगतो.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा सरकारने आपल्याच यंत्रणेला दिलेला आदेश. त्याने कायदा बदलता येत नाही. अधिसूचना बहुतेक वेळा एखाद्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून निघते. त्या कायद्याची चौकट ओलांडली की ती टिकत नाही. वटहुकूम किंवा अध्यादेश (दोन्ही एकच) हा खुद्द कायदा असतो. तो आधीचा कायदा बदलू शकतो, रद्द करू शकतो, नवा गुन्हा निर्माण करून तुम्हाला तुरुंगात पाठवू शकतो. ए. के. रॉय प्रकरणात राष्ट्रीय सुरक्षा वटहुकुमाला आव्हान होतं. तिथे मुद्दा आला की अनुच्छेद २१ म्हणतो 'कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय' कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, मग वटहुकूम हा 'कायदा' आहे का? १९८१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आहे.

म्हणून हा गोंधळ नुसता शब्दांचा नाही. जीआरला लोक अध्यादेश म्हणू लागले की खरा अध्यादेश निघाल्यावर कुणी दचकत नाही.


रानपाखरू

जुनी फाइल, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. स्पष्टच लिहितो.

तुम्ही सभागृहाकडे असं बघताय की तिथे गेलं म्हणजे कायदा शुद्ध होऊन येतो. आज सभागृहात काय होतं? गोंधळ चालू असताना आवाजी मतदानाने विधेयकं मिनिटांत मंजूर होतात. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर आमदाराने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी जाते. म्हणजे मंत्रिमंडळाने ठरवलं की बहुमत हात वर करणार, हे आधीच ठरलेलं. मग मंत्रिमंडळाने वटहुकूम काढला काय आणि सभागृहाने विधेयक मंजूर केलं काय, माणसं तीच, निर्णय तोच. फरक फक्त दिरंगाईचा. सरकार आपण निवडून दिलंय. पाच वर्षांनी हिशेब मागू. तोवर काम करू द्या.

आणि खरी तातडी असतेच. महासाथीत मार्च २०२० च्या शेवटी करभरणा आणि विवरणपत्रांच्या मुदती वाढवायला वटहुकूम काढावा लागला. २२ एप्रिलला डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले करणाऱ्यांविरुद्ध साथरोग कायद्यात दुरुस्ती केली, तीही वटहुकुमानेच. तेव्हा काय खासदारांना दिल्लीला बोलावत बसायचं होतं?


उंबरठा

मी इथे फारसं लिहीत नाही. पण हा विषय निघाला की मला ऑगस्ट २०१३ आठवतो.

२० ऑगस्टला सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी विधेयक त्याआधी दीड दशकाहून जास्त काळ अडकलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकुमाचा निर्णय घेतला आणि २४ ऑगस्टला राज्यपालांची सही झाली. मी तेव्हा एका गावात आरोग्याच्या कामात होते. अंगात आलेल्या बाईला चटके दिलेले मी स्वतः पाहिलेत, त्या जखमांची मलमपट्टी केली आहे. त्या रात्री मी रडले. डॉक्टर गेले म्हणून, आणि अखेर कायदा आला म्हणूनही.

आता हा धागा वाचून मी स्वतःला विचारतेय, की तेव्हा मी जे साजरं केलं ते चूक होतं का? सभागृहाने इतकी वर्षं जे केलं नाही ते मंत्रिमंडळाने चार दिवसांत केलं. जुनी फाइल, तुमचं उत्तर मला हवंय. खरं उत्तर.


जुनी फाइल

उंबरठा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. उत्तर द्यायला एक दिवस घेतला.

तुम्ही चुकला नाहीत. पण कारण मी जरा वेगळं सांगतो. तो वटहुकूम चार दिवसांत निघू शकला, कारण त्याचा मजकूर तयार होता. आणि मजकूर तयार होता कारण इतक्या वर्षांत त्या विधेयकावर अतोनात घासाघीस झाली होती. वारकरी संघटनांनी आक्षेप घेतले, श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते यावर भांडणं झाली, कलमं गळली, व्याख्या बदलल्या, आणि शेवटी नेमक्या कुठल्या कृती गुन्हा धरायच्या त्याची अनुसूची उरली. डॉक्टरांनी स्वतः तो आटत गेलेला मसुदा स्वीकारला होता. विलंब क्रूर होता, हे मी नाकारत नाही. पण कायदा जो टिकाऊ झाला तो त्याच काळात.

दुसरी गोष्ट. तो वटहुकूम पुन्हा काढला नाही. डिसेंबर २०१३ च्या नागपूर अधिवेशनात विधेयक आलं आणि दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. वटहुकूम हा पूल होता, त्यावर कुणी घर बांधलं नाही. माझा विरोध वटहुकुमाला नाहीच. पुलावर संसार थाटण्याला आहे.

रानपाखरू, तुमचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर नंतर सविस्तर लिहितो. आज एवढंच: महासाथीतल्या त्या दोन वटहुकुमांना माझी हरकत नाही. अनुच्छेद १२३ त्यासाठीच आहे. पण त्याच वर्षी ५ जूनला शेतीमालाच्या बाजाराचे तीन वटहुकूम निघाले. देशातल्या शेतकऱ्याने माल कुठे, कुणाला, कुठल्या कराराने विकायचा हे बदलायचं होतं. ती रचना अनेक दशकांची. तिथे जूनची तातडी सप्टेंबरपर्यंत थांबली नसती का?


काळा कोट

त्या तीन वटहुकुमांचं पुढे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबरमध्ये कायदे, राज्यसभेत गोंधळातलं आवाजी मतदान, दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, नोव्हेंबरमध्ये माघार. कायदे चांगले की वाईट यावर इथे भांडू नका, धागा वाहून जाईल. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांना विचारण्याची पायरी गाळली आणि ती पायरी शेवटी रस्त्यावर चढावी लागली, एवढंच मला दिसतं.

आता न्यायालयांबद्दल, कारण 'न्यायालय बघेल की' हा प्रतिसाद येणारच आहे.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. संसदेचं अधिवेशन होतं २१ जुलैला. दोन दिवसांवर! प्रकरण कूपर खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण तोवर वटहुकुमाची जागा कायद्याने घेतली होती, म्हणून तातडी होती की नव्हती हा प्रश्न न्यायालयाने बाजूलाच ठेवला. म्हणजे सरकारच्या लक्षात आलं की वटहुकूम काढायचा, लगेच कायदा करायचा, मग त्या पहिल्या पावलाची तपासणी होत नाही.

आणीबाणीत, १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने लिहूनच टाकलं की राष्ट्रपतींची खात्री अंतिम, तिला कुठल्याही न्यायालयात आव्हान नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते कलम काढलं. जुनी फाइल ज्या दुसऱ्या 'ज्याअर्थी'बद्दल बोलताहेत, तो काही वर्षं कायद्यानेच कुलूपबंद होता.

वाधवा निकालातही एक फट राहिली. न्यायालयाने म्हटलं की अधिवेशनात कामाचा फार बोजा असेल किंवा वेळ अपुरा असेल, तर पुन्हा काढणं चालू शकेल. फट दिसली की तिच्यातून जाणारे असतातच.


सांजवेळ

कुठल्याही एका पक्षाचा हा रोग नाही, हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं, म्हणून लिहिते.

अन्नसुरक्षेचा वटहुकूम ५ जुलै २०१३ चा. पावसाळी अधिवेशन ५ ऑगस्टला सुरू झालं. उद्देश उत्तम, पण महिनाभर थांबता आलं असतं. त्याच वर्षी, दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधीचं पद तत्काळ जाईल असा निकाल जुलैमध्ये लागला, आणि तो निष्प्रभ करायला सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने वटहुकूम मंजूर केला. तो लोकक्षोभामुळे आणि पक्षातूनच झालेल्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला.

मग सरकार बदललं. ३१ डिसेंबर २०१४ ला भूसंपादनाचा वटहुकूम आला. मार्चमध्ये विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत संख्याबळ नव्हतं. मग राज्यसभेचं अधिवेशन संस्थगित केलं आणि ३ एप्रिलला वटहुकूम पुन्हा काढला. ३० मे ला तिसऱ्यांदा. शेवटी ३१ ऑगस्ट २०१५ ला तो संपू दिला.

यातली एप्रिलची गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. एक सभागृह तयार नाही म्हणून त्या सभागृहाचं सत्रच संपवायचं, म्हणजे 'अधिवेशन चालू नाही' ही अट पुरी होते. पहिला 'ज्याअर्थी' कॅलेंडर बघून कळतो म्हणता काका, पण कॅलेंडरही त्यांच्याच हातात आहे.


जुनी फाइल

सांजवेळ, बरोबर पकडलंत. माझं ते वाक्य अपुरं होतं.


घाटमाथा

इतर देशांत काय आहे हे बघितलं तर आपलं दुखणं जास्त स्पष्ट दिसतं. मी परदेशी राज्यघटनांचा हौशी वाचक आहे, तज्ज्ञ नाही.

इंग्लंडमध्ये १६१० पासून ठरलेलं आहे की राजा नुसत्या फर्मानाने कायदा बदलू शकत नाही. लंडनमध्ये नव्या इमारती बांधायला आणि गव्हापासून स्टार्च करायला राजाने फर्मानाने बंदी घातली होती. न्यायमूर्ती कोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोडून काढली. अमेरिकेत १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. तातडी होती, सैन्याला पोलाद हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की काँग्रेसने दिलेला नाही असा अधिकार तुम्ही तयार करू शकत नाही. ट्रुमन यांनी कारखाने परत केले.

पण आपल्या जवळची उदाहरणं इटली आणि ब्राझीलची. इटलीत सरकारी हुकूम साठ दिवसांत संसदेने मान्य केला नाही तर सुरुवातीपासूनच बाद. मग तिथेही तोच हुकूम पुन्हा काढायची साथ आली. १९९६ मध्ये घटना न्यायालयाने ती बंद केली. ब्राझीलमध्ये हंगामी हुकमाची मुदत तीस दिवस होती. १९९४ मध्ये रेआल हे नवं चलन अशाच हुकमाने आलं, आणि कायदा होईपर्यंत जवळपास वर्षभर तो हुकूम पुन्हा पुन्हा काढत राहिले. २००१ मध्ये त्यांनी राज्यघटनाच बदलली: साठ दिवस, एकदाच वाढ, आणि फेटाळलेला किंवा मुदत संपलेला हुकूम त्याच अधिवेशनात पुन्हा काढायचा नाही. पाकिस्ताननेही २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने एकशेवीस दिवसांच्या वटहुकुमाला सभागृहाच्या ठरावाने फक्त एकदाच वाढ ठेवली.

तीन खंडांत तोच आजार, आणि त्यांनी औषध राज्यघटनेत किंवा पक्क्या निकालात लिहून ठेवलं. आपल्या अनुच्छेद १२३ मध्ये 'पुन्हा काढायचा नाही' हे तीन शब्द आजही नाहीत.


काळा कोट

घाटमाथा, अनुच्छेदात नाहीत हे खरं, पण २ जानेवारी २०१७ चा निकाल वाचा. कृष्ण कुमार सिंह विरुद्ध बिहार राज्य. सात न्यायाधीशांचं पीठ. पुन्हा बिहारच.

१९८९ च्या डिसेंबरमध्ये ४२९ खासगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या, वटहुकुमाने. मग एकामागून एक वटहुकूम, १९९२ च्या एप्रिलपर्यंत. एकही विधिमंडळापुढे ठेवला नाही. शेवटचा संपला तो संपलाच, कायदा झालाच नाही. शिक्षक म्हणाले, आम्ही सरकारी नोकर झालो होतो, आमचा हक्क कुठे गेला?

निकाल तीन गोष्टी सांगतो. पटलावर ठेवणं बंधनकारक आहे, तो उपचार नाही. पुन्हा काढणं ही संविधानाची फसवणूक. आणि मुदत संपलेल्या वटहुकुमातून कायमचे हक्क आपोआप उरत नाहीत. शिक्षक हरले. मिळालेला पगार परत वसूल करू नये, एवढंच त्यांच्या पदरात पडलं. १९८९ साली तिशीत असलेला शिक्षक निकालाच्या दिवशी निवृत्तीच्या वयात होता. चूक सरकारची, दंड त्याला.

आपल्याकडे २०१४ साली वेगळ्या रीतीने हेच दिसलं. जुलैमध्ये मराठा आणि मुस्लिम आरक्षणाचे वटहुकूम निघाले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला पूर्ण आणि मुस्लिम आरक्षणाला नोकऱ्यांपुरती स्थगिती दिली. डिसेंबरमध्ये नव्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा केला. दुसऱ्या वटहुकुमाचा कायदा झाला नाही आणि तो व्यपगत झाला, म्हणजे मुदत संपून रद्द झाला. शिक्षणातलं जे पाच टक्के न्यायालयाने थांबवलं नव्हतं, ते कुठल्याही चर्चेशिवाय, कुठल्याही मतदानाशिवाय संपलं. बाजूने असा की विरोधात, सभागृहाने 'नाही' म्हणायला तरी हवं होतं.


रानपाखरू

संस्कृत शाळांचं मला माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. वटहुकुमाच्या भरवशावर माणसं नोकरी धरतात, हा विचार मी केला नव्हता.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. व्हिपवर चालणाऱ्या सभागृहाचा उपयोग काय?


जुनी फाइल

यावर लिहायचं कबूल केलं होतं. माझ्याकडे तुम्हाला गप्प करणारं उत्तर नाही. जे पाहिलं ते सांगतो.

विधेयकाच्या मराठी प्रती तपासताना मला दुरुस्त्यांचे कागद यायचे. एकदा एका विधेयकात 'अधिकारी प्रवेश करू शकेल' असं होतं. कुणा आमदाराने विचारलं, रात्री पण? घरात बाई एकटी असली तरी? मंत्री उभे राहिले, खाली बसले, अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठी आली, आणि 'सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत' हे शब्द आले. विरोधी बाजूचा तो माणूस मतदानात हरला, व्हिप होताच. पण ते शब्द राहिले. वटहुकुमात ते शब्द कुणी घातले असते? मी तर नक्कीच नाही. मला वेलांटी दिसायची, ती बाई दिसायची नाही.

बहुमत निर्णय बदलत नाही, मान्य. पण सभागृहात मंत्र्याला उभं राहून कारण सांगावं लागतं, आणि ते नोंदलं जातं. वटहुकुमाला 'खात्री पटली आहे' हे तीन शब्द पुरतात. १९३० चा लाहोर वटहुकूम आठवा. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्यावरचा खटला लांबतोय म्हणून व्हाइसरॉय आयर्विन यांनी १ मे रोजी विशेष न्यायाधिकरण उभं केलं. आरोपी गैरहजर असले तरी खटला चालेल, वर अपील नाही. ७ ऑक्टोबरला फाशीची शिक्षा सुनावली आणि महिनाअखेरीला वटहुकुमाची सहा महिन्यांची मुदत संपली. मध्यवर्ती कायदेमंडळापुढे तो कधी आलाच नाही. हा अधिकार व्हाइसरॉयला १८६१ च्या कायद्याने मिळाला होता, आणि तोच सुधारून आपण घेतला.

घटना समितीला हे ठाऊक होतं. १९४९ च्या मे महिन्यात के. टी. शहा म्हणाले की कितीही समर्थन करा, हा अधिकार कायद्याच्या राज्याच्या विरोधातच जातो. कुंझरूंनी मुदत आवळायचा प्रयत्न केला. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं असं की सभागृह बसलेलं नाही आणि प्रसंग अचानक उभा राहिला, आहे तो कायदा पुरत नाही, तर सरकारने काय करायचं? दोघांचंही मला पटतं. म्हणून मला ती सहा आठवड्यांची अट महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी दिलेला अधिकार त्या अटीसकट आहे. अट काढली की उरतो तो आयर्विनचा.

सभागृह कमजोर झालंय हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यावर उपाय सभागृहाला सोडून जाणं असेल, तर ते आणखी कमजोर होईल.


रानपाखरू

ते 'सूर्योदय ते सूर्यास्त' डोक्यातून जात नाहीये.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. सभागृहाचे दिवस वाढवा, विधेयकं समितीकडे पाठवा, मग मी वटहुकुमाविरुद्ध तुमच्या बरोबरीने बोलेन. पुन्हा काढण्याला मात्र आजपासूनच माझा विरोध आहे.


तिसरा बाक

काका, एक व्यवहारातला प्रश्न. वटहुकूम पटलावर ठेवला का, हे माझ्या मुलांनी शोधायचं तर कुठे?


जुनी फाइल

बाई, सोपं आहे. अधिवेशनाच्या पहिल्या दिवसाचा कामकाजाचा क्रम विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतो. त्यात 'अध्यादेश सभागृहाच्या पटलावर ठेवणे' या मथळ्याखाली क्रमांक आणि नाव येतं. मग राजपत्रात त्या वटहुकुमाची तारीख बघा. अधिवेशनाच्या किती दिवस आधी निघाला ते मोजायला लावा. आणि बैठक सुरू झाल्याच्या तारखेपासून बेचाळीस दिवस पुढे मोजून तिथे खूण करायला सांगा. त्या दिवसापर्यंत त्याच नावाचा अधिनियम आला की नाही, ते मुलं स्वतः शोधतील.


तिसरा बाक

वर्गातल्या फळ्याशेजारी मोठं कॅलेंडर आहे. पुढच्या अधिवेशनाला लाल पेनने करू. काय सापडलं ते इथेच लिहीन.